राखून ठेवलेली केस

मान उजवीकडे वळवून, तपासणीच्या टेबलावर आडवं करून डोकं कडेखाली नेल्यावर चार सेकंद काहीच झालं नाही. पाचव्या सेकंदाला रंगाऱ्याची बुबुळं जागच्या जागी फिरू लागली: एक झटका वर, उजव्या कानाकडे, मग संथपणे परत, मग पुन्हा झटका. बावीस सेकंदांनी ती थांबली.

"दिसलं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

टेबलाभोवती सहा विद्यार्थी वाकले होते. पाच जणांनी माना डोलावल्या. सहावा म्हणाला, "मी घड्याळाकडे बघत होतो. परत एकदा, मॅडम?"

रंगारी टेबलाची कड धरून उठून बसला. कपाळावर घाम होता, नखांत पांढरा रंग. "करा की. तुमच्या बापाचं काय जातंय. फक्त बादली जवळ ठेवा."

"तासाभराने," मॅडम म्हणाल्या. लागोपाठ केलं की झटके फिके पडतात, म्हणून मध्ये त्याला बसवून ठेवत. आजची ही तिसरी वेळ होती, आणि हा तिसरा सोमवार.

"म्हणजे आजही शिडी नाहीच," रंगारी म्हणाला. "वर बघितलं की छत गरगरतं. हात पोचेल तेवढीच भिंत रंगवतो. मुकादम म्हणतो, तू आता बुटक्यांचीच घरं घे. बायको रोज तोंडाचा वास घेऊन बघते."

मुलं हसली. एक मुलगी हसली नाही. तिच्या हातात पुस्तक उघडं होतं.

"मॅडम, कानातले कण जागा सोडून नळीत गेलेत, हे तर पहिल्याच तपासणीत कळलं. इथे लिहिलंय, डोकं ठराविक क्रमाने वळवलं की ते परत जातात. पाच मिनिटांचं काम. मग यांना अजून का नाही केलं?"

रंगाऱ्याने झटकन वर बघितलं आणि त्याला दोन्ही हातांनी टेबल धरावं लागलं. "पाच मिनिटं?"

उत्तर दारातून आलं. विभागप्रमुख तिथे उभे होते. "गुरुवारी परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येणार. इतकी चोख केस वर्षातून एखादी मिळते. शुक्रवारी करू ना बरं. चार दिवसांत काही कोणी मरत नाही."

"बाई," रंगारी म्हणाला. तो सरांकडे बघतही नव्हता. "मागच्या सोमवारी मी विचारलं होतं, यावर काही इलाज आहे का. तुम्ही म्हणालात, अजून बघावं लागेल. काय बघत होता?"

मॅडमचे कान तापले. सरांवरचा राग ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. सरांनी मागच्या दोन्ही सोमवारी फक्त फोन करून 'एवढ्यात बरं करू नका' म्हटलं होतं. 'बरं, सर' त्या स्वतः म्हणाल्या होत्या. दोन्ही वेळा.

"काही नाही," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. "बघून पहिल्याच दिवशी झालं होतं."



"मॅडम, आपण माझ्या खोलीत बोलू," सर म्हणाले.

"नको, इथेच बोलते." त्यांनी रंगाऱ्याच्या मानेमागे हात धरला. "गुरुवारसाठी दुसरं कोणी शोधा, सर. यांना मी आत्ता बरं करून घरी पाठवणार आहे."