उघड्यावरचं आडनाव

"बाबा, बसा हो एका जागी! तुम्हाला बघून मला गरगरायला लागलंय."

एउफ्रासियो बसला आणि लगेच उठला. कोर्टाच्या त्या लांबलचक बोळात खिडकी एकच होती आणि तिच्यातून बसचा थांबा दिसायचा. कोर्दोबाची बस आली की तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत हलायचा नाही. ही खोड जन्माची. कासिल्दाला लहानपणापासून तिची चीड होती.

आज तर तिच्याही जिवाची घालमेल चालली होती. साडेबारा होत आले होते. एकला कचेरी बंद झाली की थेट सोमवारी उघडणार, आणि उद्या, रविवारी, चर्चच्या दारावर तिच्या लग्नाची सूचना लागायची होती.

"मुलगी सोन्यासारखी आहे गं," होणाऱ्या सासूबाई, दोन्या उर्सुला, तिला तोंडावर म्हणाल्या होत्या. "पण आईचं आडनावही मुलाला लागतं. माझ्या नातवाने जन्मभर एक्सपोसितो म्हणून मिरवायचं? ते नाव दारावर लागलं, तर मी चर्चची पायरी चढणार नाही." तिचा होणारा नवरा फेर्मिन तेव्हा खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता. बराच वेळ बांधत होता.

एक्सपोसितो म्हणजे उघड्यावर ठेवलेला. मठाच्या भिंतीत एक लाकडी फिरता कप्पा होता. बाहेरून त्यात मूल ठेवायचं, घंटा वाजवायची आणि मागे न बघता निघून जायचं. आतून नन कप्पा फिरवून घेत. नाव मिळे त्या दिवशीच्या संताचं आणि आडनाव सगळ्यांना हेच. त्यामुळे स्पेनच्या या हाएन प्रांतात गल्लोगल्ली एक्सपोसितो सापडत, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नसे. शाळेत बाई हजेरी घेताना कासिल्दाचं आडनाव आलं, की मागच्या बाकावरच्या मुली हवेत हात गोल फिरवून दाखवायच्या.

आता सरकारने हे आडनाव फुकट बदलून द्यायचं ठरवलं होतं. घरामागून घरं आडनाव बदलून घेत होती. एउफ्रासियो मात्र ढिम्म. आडनाव बदलेना आणि गावही सोडेना. मेहुण्याने बार्सिलोनाच्या गिरणीत नोकरी लावून दिली होती. ट्रंका भरल्या, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन झाला आणि निघायच्या दिवशी हा माणूस "मला नाही जमायचं" म्हणून ट्रंका उपसायला बसला. मठासमोरच्या त्या दोन ओलसर खोल्यांतच कासिल्दाची आई खोकत खोकत गेली. बाप टोपल्या विणत राहिला.

मागच्या महिन्यात कासिल्दा त्याच्यापुढे बसून ढसाढसा रडली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "रडू नको पोरी. करतो सही."

"एउफ्रासियो काका, या!" कारकुनाने आतून हाक मारली. "या महिन्यातले तुम्ही चौथे. असंच चाललं तर हे आडनाव औषधालाही उरायचं नाही."

कागद तयार होता. जुनं आडनाव एक्सपोसितो, नवीन मोन्तेस. कासिल्दानेच निवडलेलं. कारकुनाने बोट ठेवलं. "इथे करा."

एउफ्रासियोने टाक उचलला. टोक कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. कासिल्दाने घड्याळाकडे पाहिलं. एकला दहा कमी.

"एक विचारू का साहेब?" एउफ्रासियो म्हणाला. "समजा, उद्या कोणी तुमच्याकडे आलं. म्हणालं, एकोणीसशे दोन सालच्या मे महिन्यात, संत एउफ्रासियोच्या दिवशी कप्प्यात ठेवलेलं मूल कुठे राहतं? तर तुम्ही काय सांगाल?"

"सांगू, या नावाचं इथे आता कोणी राहत नाही." कारकून हसला. "पण काका, साठ वर्षांनी कोण येतंय तुमची चौकशी करायला?"

"आई."

दळण टाकून येते म्हणून बाहेर पडलेल्या बाईबद्दल बोलावं, इतक्या सहज तो म्हणाला.

"सतराअठराची पोर असेल तेव्हा. म्हणजे अजून असायला हरकत नाही. तिला बाकी माझं काही माहीत नाही. दिवस कुठला ते माहीत आहे, म्हणजे नाव कळलं. आणि आडनाव तर काय, सगळ्यांना ठाऊक. तेवढ्यावर ती विचारत विचारत येऊ शकते." मग त्याला एकदम ओशाळल्यासारखं झालं. "असो. उगाच तुमचा वेळ घेतला." आणि तो सहीसाठी वाकला.

कासिल्दाने त्याच्या हाताखालून कागद ओढला. शाईची एक लांब रेघ उमटली. कागदाची घडी करून तिने ती पर्समध्ये कोंबली.

"चला बाबा."

"अगं, पण तुझं लग्न..."

ती केव्हाच जिना उतरत होती.

चौकापलीकडे चर्चमध्ये म्हातारा सेवेकरी सूचनेचा कागद पुढे घेऊन तिचीच वाट पाहत होता. फेर्मिनचं नाव लिहून झालं होतं. त्याच्यापुढची जागा कोरी होती.

"झालं एकदाचं काम? मोन्तेस ना?"

"नाही. कासिल्दा एक्सपोसितो लिहा. एउफ्रासियो एक्सपोसितो यांची मुलगी."

सेवेकऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "आणि दोन्या उर्सुला?"

"त्यांच्याकडेच निघालेय आता. तुम्ही लिहा."

तो लिहू लागला. तिने पटकन त्याचं मनगट धरलं.

"इतकं बारीक नको हो, काका. मोठ्या अक्षरात लिहा. वाचणारीची नजर आता अधू झाली असेल."