शुद्ध केलेल्या पटाश्या

पटाश्यांना मुठी नव्हत्या. धुरपतामामीने त्या ओसरीवर ओळीने मांडल्या. सगळ्या लख्ख घासलेल्या, तेल लावलेल्या, नुसतं लोखंड. वैजिनाथ त्यांच्यासमोर बसला आणि त्याचा हात पुढे होईना.

"घे. तुझ्याच हायत आता," मामी म्हणाली. "तेरावं झालं. सुतक फिटलं."

आश्रुबामामाकडे तो कोरीवकाम शिकत होता. पिंगळीच्या व्यंकटरावांच्या नव्या घराची गणेशपट्टी मागच्या पडवीत टेकवून ठेवलेली होती. सोंड, मुकुट, दोन्हीकडचे वेल, सगळं मामांनी पुरं केलेलं. डोळे तेवढे राहिले होते. डोळे तू काढायचे, पटाशीही तूच निवडायची, असं मामांनी सांगून ठेवलं होतं.

"मामी, मुठी?"

मामीने सगळं सांगितलं. सुतक फेडायला मडकी फोडली, भांडी राखेने घासली, ओसरीवरच्या पेटीतली हत्यारं तेवढी राहिली. मामा हत्याराला बाईचा हात लागू देत नसत. दसऱ्याची पूजासुद्धा ती लांबूनच करायची. त्यामुळे ती शुद्ध कशी करायची ते तिला ठाऊक नव्हतं. तिने भावकीतल्या कडूबाईला विचारलं. कडूबाई म्हणाली, लोखंड विस्तवातून काढलं की शुद्ध होतं, लाकूड होत नाही. म्हणून मुठी ठोकून काढल्या आणि नदीत सोडल्या. पटाश्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रात्रभर ठेवल्या.

"लोहार बी विस्तवातूनच काढतो की," मामी म्हणाली.

उंबऱ्यात बसलेली कडूबाई हसली. "एवढ्या चमकायल्यात, आन् पोराचं तोंड बघा. जणू ह्यालाच घासायला बसवलं व्हतं."

वैजिनाथने सगळ्यांत बारीक पटाशी उचलली. मागच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि तो पडवीत गेला. मामी त्याच्यामागून दारापर्यंत आली. मामा तिथंच काम करता करता कोसळले होते. त्या दिवसापासून पडवीत कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

त्याने सागवानाचा एक तुकडा घेतला. पटाशी तुकड्याच्या टोकावर आडवी चालवून बघायची आणि कापलेली जागा चमकली तरच ती घ्यायची, ही मामांची रीत. त्याने जोर दिला. लाकूड कापलं नाही, चुरगळलं. पटाशी उजेडात धरली, तर धार दुमडली होती. कथलाची दुमडावी तशी.

त्याने दुसरी आणली. मग तिसरी. मग उरलेल्या सगळ्या.

निखाऱ्यात पडून पडून त्यांचं पाणी उतरलं होतं, पोलादाचा कडकपणाच गेला होता. ते पाणी ज्या लोहाराने दिलं होतं, तो पोलीस अ‍ॅक्शनच्या साली जिंतूर सोडून गेला होता. तसं पाणी पुन्हा देईल असा दुसरा कोणी वैजिनाथला माहीत नव्हता. तो खाली बसला. ढलप्यांमध्ये त्याच्या हाताला काहीतरी टोचलं.

एक पटाशी होती. काळपट, पात्यावर गंजाचे ठिपके, मुठीसकट.

"टाक ती," मामी दारातूनच म्हणाली. "त्यांच्या हातातून पडलेली ती. शुद्ध केलेली न्हाई."

त्याने कुरुंदाच्या दगडावर पाणी शिंपडलं, धार चार वेळा ओढली आणि पटाशी तुकड्यावर आडवी चालवली. पातळ ढलपी वळत वर आली. खालचं लाकूड चमकलं.

मामी त्या चमकणाऱ्या जागेकडे बघत राहिली. मग फरशीवर पडलेल्या लख्ख पटाश्यांकडे. तिने उंबरा ओलांडला आणि हात पुढे केला. वैजिनाथने पटाशी तिच्या हातात दिली.

मुठीवर एका जागी मामांच्या अंगठ्याने लाकूड झिजून खळगी पडली होती. मामीने तिच्यात आपला अंगठा ठेवला. खळगी मोठी होती.

"वैजिनाथा," ती हळूच म्हणाली, "सगळ्याच मुठींना अशी खळगी व्हती का रे?"