वरचे सूर

"या पेडलमधून वरचे सूर येतच नाहीत," ऑर्केस्ट्रात तीस वर्षं गिटार वाजवणारे सातपुतेकाका म्हणाले.

दुरुस्ती करणाऱ्या अश्लेषानं बॅटरी बदलली, जॅक पुसला, एक सैल वायर सोल्डर केली. काकांनी वाजवून पाहिलं. "नाहीच."

तिला मात्र प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू आला होता. तिनं गिटार आणि अँप्लिफायरच्या मधलं ते पेडल काढून बाजूला ठेवलं आणि गिटार थेट अँपला जोडली. "आता वाजवा, काका."

वाजवता वाजवता ते थबकले. वरचे सूर आताही नव्हते, आणि पेडल तर जोडलेलंच नव्हतं.

"तुला ऐकू आले?"

"हो."

काकांनी तारेवरचं बोट उचललं.

"बेसूर नव्हतं ना?"

"अजिबात नाही."

त्यांनी तोच तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतला.