खिशातला पाना

साहेब, त्या फिटरचा रविवार तुम्ही खाल्लात. त्यानं आधीच सांगितलं होतं, पोरीच्या सायकलची बाजूची छोटी चाकं काढायचीत, सीट धरून मागं पळायचंय. तुम्ही म्हणालात, "शिबिर आहे, हजेरी सक्तीची." शिबिर कसलं, तर ‘बापानं मुलांशी नातं कसं जोडावं’! "मुलांना वेळ द्या," पाहुणा माइकवरून म्हणाला. टाळ्या पडल्या, फिटरनंही वाजवल्या. घरी जाताच चाकं काढू म्हणून घेतलेला पाना खिशात टोचत होता. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच पोरगी घंटी वाजवत समोरून आली, दोन चाकांवर. "बाबा, शेजारच्या काकांनी शिकवली! म्हणाले, बापाची वाट बघत बसलीस, तर म्हातारी होशील." त्यानं "शाब्बास" म्हटलं, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. ती भुर्रकन निघूनही गेली. साहेब, एवढं सगळं शिकवलंत. आता हा पाना त्यानं कुठं ठेवायचा, तेवढं सांगा.