शेजारच्या गॅलरीतून

मांजर काही कुत्रं नव्हे, असं बायको म्हणायची; पण शिंप्याने चिकाटी सोडली नाही. दोन महिन्यांत बोकोबा फेकलेलं रिकामं रीळ तोंडात धरून परत आणायला शिकला. त्या दुपारी रीळ चुकून शेजारच्या काकूंच्या गॅलरीत गेलं. बोकोबा कठड्यावरून पलीकडे गेला आणि बऱ्याच वेळाने परतला. पायाशी त्याने रिळाऐवजी कवळी ठेवली. “अगंबाई, ही काकूंची!” बायको हबकली. “कवळीशिवाय त्या दारातसुद्धा येत नाहीत.” शिंप्याने शेजारची बेल वाजवली. आठवड्यापूर्वी राहायला आलेल्या पुतण्याने दार वीतभर उघडलं. “काकू कालच बहिणीकडे गेल्या.” “कवळी न घालता?” शिंप्याने मूठ उघडली. पुतण्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून बोळक्या तोंडाची क्षीण हाक आली, “शिंपीदादा...” दार लागायच्या आत शिंप्याने फटीत पाय रोवला. हाडं करकरली, तरी त्याने तो काढला नाही.