कालपर्यंतची मुदत

"चाललंय ना? मग हात लावू नका," प्राचार्य उमाळे कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या निखतला दर वेळी सांगायचे. कॉलेजच्या मेल सर्व्हरचा स्पॅम फिल्टर प्रत्येक मेल तपासताना एका बंद पडलेल्या साइटच्या उत्तराची वाट बघत बसे आणि मेल दोन-दोन दिवस तुंबत.

आज प्राचार्यांचीच मेल अडकली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. निखतने प्राचार्यांच्या समोरच ती तपासणी काढून टाकली आणि तुंबलेल्या मेल भराभर सुटल्या.

तेवढ्यात एमएस्सीची शर्वाणी रडवेली होऊन आली. "मॅडम, शिष्यवृत्ती मिळाली होती मला! होकार कालपर्यंत कळवायचा होता, आणि मेल आत्ता आलीय."

"मेल रोज बघायची असते, बाळ," प्राचार्य निखतवर नजर रोखून म्हणाले.

निखतची नोकरी कंत्राटी होती.

"हो ना, रोज बघायची," ती म्हणाली.