मधला टीव्ही

जोह्यातल्या आमच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायचं काम फक्त सासूबाईंचं. त्यांच्या आखणीसाठीच गिऱ्हाईक आमच्याकडे येतं.

म्हणून पेणच्या दुकानात भिंतीवरच्या तीन टीव्हींसमोर माझा नवरा सुजय त्यांनाच म्हणाला, "आये, तुझ्यासारखी नजर कुणाची नाय. चित्र कुठल्याचं चांगलं, तूच सांग." आणि वॉरंटीचं विचारायला काउंटरकडे वळला.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता.

"मधल्याचं," त्या म्हणाल्या.

मधला टीव्ही बंद होता. सुजय परत यायच्या आत मी रिमोट उचलून तो चालू केला.



गणपतींचे डोळेही वर्षभर मीच आखतेय, त्यांच्या नावाने.